मास्तरांनी बघितलंय

गावात ड्रायव्हरचं घर विचारलं तर लोक पत्ता सांगत नसत, नुसता हात दाखवत. "तिकडं जा. ज्या घराला खिडक्या असून दिसत नाहीत ना, तेच." खिडक्या होत्या हो, चांगल्या मोठ्या होत्या. पण त्यांच्या आतून सामानाचा ढीग लागलेला, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला खिडकीत माणसाचं तोंड न दिसता बसच्या सीटचा फाटका पत्रा नाहीतर ताडपत्रीची घडी दिसायची.

सामान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एखादी ट्रंक येईल, फार तर जुनं कपाट येईल. तसलं नव्हे. मोडीत निघालेल्या बसची बाकं, चाकांच्या लोखंडी रिंगा, हेडलाइटच्या काचा, डांबराचे डबे, गॅरेजनं नको म्हटलेले पत्रे, आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून टेलिफोनचे जुने लाकडी खांब. शिवाय एका पत्र्याच्या डब्यात किल्ल्या नसलेली कुलपं आणि दुसऱ्या डब्यात कुलपं नसलेल्या किल्ल्या. हे दोन डबे बायकोच्या विशेष डोक्यात जायचे.

"अहो, कुलूप नाही तर ही किल्ली कशाला?"

"कुलूप मिळेल की."

"आणि ही कुलपं?"

"त्यांच्या किल्ल्या मिळतील. असू दे गं. लागेल कधीतरी."

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी त्याचं हे "लागेल कधीतरी" काही निवृत्त होईना. घरात एक लांबडा बोळ होता, त्यातून आता आडवं होऊन जावं लागे. बाईनं तेही चालवून घेतलं. आडवं होऊन, दोन्ही हातांत तापलेल्या दुधाचं पातेलं धरून, ती रोज त्या बोळातून सर्कशीतल्यासारखी जायची. आणि एक दिवस रिंगेत पाय अडकला. पातेलं एकीकडे, दूध दुसरीकडे आणि बाई दाणकन जमिनीवर. मनगट मोडलं.

ड्रायव्हर धावत आला. त्याला वाटलं रडेल. रडते कसली! तिथंच पडल्यापडल्या, दुधात भिजलेली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "म्हणत होता ना, लागेल कधीतरी? हे बघा. लागलं!"

हात प्लास्टरमध्ये गेला आणि बाई भावाकडे गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "घरात पाय ठेवायला जागा झाली की कळवा. मी येऊन बघेन. जागा दिसली तर राहीन, नाही दिसली तर आल्या पावली परत. एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही." आता ही बाई प्रत्येक गोष्ट निदान चार वेळा सांगणारी. ती एकदाच सांगून गेली म्हटल्यावर ड्रायव्हरनं ओळखलं, या खेपेला खरं आहे.

घर एकदम गप्प झालं. भात एकदा कच्चा राहिला, एकदा करपला, आणि एकदा त्यानं अशी काही किमया केली की एकाच पातेल्यात खाली करपलेला आणि वर कच्चा. तो खाताना त्याला बायकोची इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि बघणारं कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते पुसलंही नाही. रस्त्याकडेला एक चांगला स्प्रिंग पडलेला दिसला, तो उचलावासा वाटेना. आणल्यावर ओरडायला घरात कुणी नको?

दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ भंगारवाल्याला बोलावलं असतं. ड्रायव्हरच्याही मनात ते आलं. भंगारवाला आलाय, बाकं उचलून टेम्पोत टाकतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्याला घाम फुटला. नाही नाही. बाई म्हणाली जागा करा. सामान घालवा असं कुठं म्हणाली? म्हणजे म्हणाली असेल, याआधी शंभर वेळा म्हणाली असेल, पण या खेपेला नाही ना म्हणाली! घरामागे मोकळी जमीन ऐसपैस पडली होती. तिथं खांब रोवायचे, वर पत्रे टाकायचे. भिंती नकोत, दारं नकोत, नुसती मोठी शेड. सगळं सामान तिकडे, घर इकडे. खांब होतेच. पत्रे होते. खांबांच्या बुडाला फासायला डांबरसुद्धा होतं.

"बघितलंस?" तो रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला. "आलं की नाही उपयोगी?" पण उलट उत्तर आलं नाही, त्यामुळे जिंकल्याचा आनंद काही मिळाला नाही.

खांब उभा करणं हे एकट्याचं काम नव्हे. एकानं धरायचा, दुसऱ्यानं लांब उभं राहून सरळ आहे का बघायचं. आणि बघायचं म्हटलं की ड्रायव्हरला जगात एकच माणूस माहीत होता. मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कंडक्टर. ड्रायव्हरच्या गाडीवर उभी हयात घालवलेले. गावातले बरोबरीचे लोक ड्रायव्हरला अरेतुरे करायचे आणि मास्तरांना अहोजाहो. याचं ड्रायव्हरला वाईट वाटत नसे, कारण त्याला स्वतःलाही ते पटत होतं. गाडी मागे घ्यायची झाली की मास्तर खाली उतरायचे, मागे जाऊन उभे राहायचे आणि खड्या आवाजात सुरू करायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" त्या 'बस'वर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. एकदा एक नवखी म्हातारी 'बस' ऐकून पटकन खाली बसली होती, तेवढा एक प्रसंग सोडला तर त्या शब्दानं कधी घोटाळा केला नाही. ना गाडी कुठं घासली, ना कुणाला धक्का लागला. डोंगरातला शेवटचा थांबा तर असा की मागे सरळ दरी. तिथंही ड्रायव्हर बिडी विझवल्यासारखा निवांत गाडी मागे घ्यायचा. प्रवासी देवाचं नाव घ्यायचे आणि हा म्हणायचा, "घाबरता काय? मास्तर बघतायत."

दोघांत आणखी एक गंमत होती. एरवी एकमेकांना अरेतुरे, पण ड्यूटीवर अहोजाहो. मास्तरांनीच तशी शिस्त लावली होती. ड्रायव्हर बोलवायला गेला तेव्हा मास्तर खाटेवर बसले होते. म्हातारपणी एकटेच राहायचे. "कशाला आलास रे?" म्हणाले. शेडचं काम आहे म्हटल्यावर उठले, सदऱ्याची बटणं लावली, शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, "चला. खांब कुठं ठेवलेत तुम्ही?" इतक्या वर्षांनी ते 'तुम्ही' ऐकून ड्रायव्हरला दहा माणसांचं बळ आलं.

काम सुरू झालं. पहारीनं खड्डे खणायचे, खांबाचं बूड डांबरात बुडवून काढायचं, खांब उचलून खड्ड्यात सोडायचा आणि ड्रायव्हरनं त्याला मिठी मारून उभं राहायचं. मास्तर लांब, डोळ्यांत तेल घालून.

"डावीकडे घ्या... अजून... अजून थोडा... जास्त झाला, मागे घ्या... बस!"

की ड्रायव्हर खड्ड्यात दगड ठोकायचा, वर खडी-सिमेंट ओतायचा आणि पुढच्या खांबाकडे. लांब जाऊन आपण स्वतः एकदा बघावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. का यावं? उभ्या नोकरीत जो मागे वळून बघत नाही तो आता बघेल? एका खांबापासून दुसऱ्या खांबाला दोरी बांधताना ती जरा नागमोडी गेली, तेव्हा त्यानं दोरीला शिव्या दिल्या. दोरी काय, जुनीच होती.

मास्तर तर रंगात आले होते. अंगणात वाळत घातलेली चादर वाऱ्यानं हलली तर तिला म्हणाले, "वहिनी, आलात का? चहा टाका." ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. चहा घेताना मास्तरांनी किटलीतला चहा कपाच्या शेजारी ओतला, त्यालाही हा हसला. म्हटलं काय एकेक थट्टा करतात मास्तर!

बायकोचा फोन आला. "काय चाललंय?"

"खांब उभे राहिले सगळे. पत्रेवाला येतोय बघायला."

"सरळ आहेत?"

"मास्तरांनी बघितलंय."

"हं," ती म्हणाली. या हुंकारात काय होतं ते कळलं नाही. "बरं, मी उद्या सकाळी येते. दादा सोडणार आहे, संध्याकाळी परत न्यायला येईल. तोपर्यंत काय ते बघते."

म्हणजे निकाल उद्याच. ड्रायव्हरनं फोन ठेवला, मास्तर आत हातपाय धुवायला गेले, तोच पत्रेवाला स्कूटरवरून फटफटत आला. शेडवर पत्रे चढवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे खांब बघितल्याशिवाय तो शिडी काढत नसे. त्यानं जमिनीच्या कडेच्या बांधापाशी स्कूटर थांबवली. मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. मग स्कूटरवरून उतरला आणि सगळ्या खांबांभोवती एक फेरी मारून आला.

"हे खांब रोवलेत," त्यानं विचारलं, "का फुगडी घालायला उभे केलेत?"

"म्हणजे?"

"अहो, एक इकडे वाकलाय, एक तिकडे वाकलाय, तो कोपऱ्यातला तर झोपायच्या बेतात आहे. यावर पत्रे टाकले तर पहिल्या वाऱ्याला शेड तुमच्या घरात येईल."

ड्रायव्हरच्या अंगाचा तिळपापड झाला. "तोंड सांभाळून बोल. मास्तरांनी बघितलंय!"

"मास्तरांनी बघितलंय ना? मग मला हे दिसतंय ते काय? तुम्ही एकदा इथं येऊन बघा की."

रागारागानं ड्रायव्हर बांधावर चढला आणि वळून बघितलं.   खांब असे उभे होते की गावच्या जत्रेतून पिऊन परतणारी माणसं बरी. पत्रेवाला म्हणाला, "उद्या दुपारी येतो. तोपर्यंत सरळ केलेत तर काम सुरू करीन. नाहीतर माझी दुसरी कामं लागलीत, मग मी काही लवकर सापडत नाही." आणि गेला.

ड्रायव्हर बांधावरच बसला. चादर आठवली. कपाशेजारचा चहा आठवला. हसून हसून खाली बसलो होतो ते आठवलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मास्तरांना दिसत नाही. गंमत नव्हती ती. मास्तरांना दिसतच नाही.

आता सांगायचं कसं? उद्या बायको येणार, वाकडे खांब बघणार, सामान घरातच बघणार आणि आल्या पावली परत जाणार. खांब पुन्हा रोवायचे तर मास्तरांना कारण द्यायला हवं. आणि काय कारण देणार? तुमची नजर गेली? ज्या माणसाच्या नजरेवर आपण दरीच्या तोंडाशी गाडी मागे घेतली, त्याला? त्यानं भीत भीत सुरुवात करून बघितली.

"मास्तर, एकदा दोरीला दगड बांधून ओळंबा लावू या का?"

"का?" मास्तर ताठ झाले. "माझ्यावर भरवसा नाही तुमचा?"

"छे छे! मी आपलं सहज म्हटलं."

"सहजसुद्धा म्हणायचं नाही," मास्तर म्हणाले आणि जेवून ओसरीवर आडवे झाले.

मग ड्रायव्हरनं ठरवलं, यांचा डोळा लागला की आपण एकट्यानंच एकेक खांब सरळ करायचा. कोपऱ्यातला आधी. सिमेंट पुरतं मुरलं नव्हतं. त्यानं बुडाशी खणलं, वर दोरी बांधली आणि ओढली. खांब जरा हलला. अजून ओढली. अजून जरा हलला. मग खांबानं स्वतःच मनावर घेतलं आणि तो धाडकन रचलेल्या पत्र्यांवर आडवा झाला. असा आवाज झाला की लांबची कुत्री भुंकायला लागली.

"कोण आहे? काय झालं?" मास्तर ओसरीवरून उठून धावत आले. धावत म्हणजे दोन्ही हात पुढे धरून. एक खांब चाचपला, त्याच्या आधारानं दुसरा, मग तिसरा. चौथ्याच्या जागी हाताला काही लागलं नाही आणि ते तिथंच थांबले. ड्रायव्हर हे बघत होता. आता काही लपवण्यात अर्थच नव्हता.

"कुणी पाडला?"

"मी."

"का?"

"वाकडा होता."

 मास्तर पडलेला खांब पायानं शोधून त्यावर बसले. "मला दिसत नाही रे," म्हणाले. "जवळचं जरा दिसतं. लांबचं सगळं धुकं."

ड्रायव्हर शेजारी बसला. "कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. नोकरीतच सुरू झालं."

"नोकरीत?" ड्रायव्हर उडालाच. "मग गाडी मागे घेताना?"

"तेव्हाही."

"अरे, मग मागे बघत कोण होतं?"

"मला वाटायचं तू बघतोस. आरशात."

"आरशात?" ड्रायव्हरचा आवाज चिरकला. "आरशावर माझा टॉवेल वाळत असायचा!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. म्हणजे ड्रायव्हर बघत राहिला आणि मास्तर आपले त्याच्या दिशेनं. दोघांच्याही डोळ्यांपुढे तो डोंगरातला शेवटचा थांबा आला. खच्चून भरलेली गाडी, मागे दरी, आणि कुणीच बघत नाही. पहिल्यांदा मास्तरांच्या नाकातून हसू फुटलं. मग ड्रायव्हरच्या. मग दोघे असे हसत सुटले की मास्तर खांबावरून घसरले, ड्रायव्हर त्यांना उचलायला गेला तर तोही पडला, आणि दोघे म्हातारे मातीत बसून पोट धरून हसत राहिले. "आणि तू म्हणायचास, घाबरता काय!" "आणि ती लोकं आपल्या दोघांना हार घालून गेली रे निरोपाला!"

हसू ओसरलं तेव्हा ड्रायव्हर मास्तरांकडे वळला. "पण मग तू 'बस' कशावरून म्हणायचास?"

"सोपं होतं. गाडीच्या मागच्या पत्र्यावर हात ठेवायचा आणि गाडीबरोबर मागे मागे चालायचं. पाठीला भिंत लागली की म्हणायचं, बस. दरीपाशी काठाला दगड होते, ते टाचेला लागायचे."

"म्हणजे गाडी आणि दरी, यांच्या मधे तू उभा असायचास?"

"मग काय झालं? गेलो असतो तर आधी मी गेलो असतो. तुला कळलं असतं ना, आवाज का बंद झाला म्हणून."

ड्रायव्हरला हुंदकाच आला. आजवर त्याला वाटत होतं की मास्तरांची नजर त्याला सांभाळते. "अरे बाबा, सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं असतं तर मला ऑफिसात बसवलं असतं. तुझ्या गाडीवर दुसरा कुणी आला असता. मला नको होतं ते." मास्तरांनी डोळे पुसले. "आणि आता कुठल्या तोंडानं सांगणार? कितीतरी वर्षांनी कुणीतरी म्हणालं, मास्तर, या, बघायला माणूस पाहिजे. मी नाही म्हणू?"

"ऑपरेशन करून घेतलं असतंस."

"डोळ्यात सुरी घालतात रे. मला भीती वाटते." दरीच्या काठाला टाच लावून उभा राहणारा माणूस हे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दोघांनी सगळे खांब पुन्हा उकरायला घेतले. चांगले मोकळे केले, खड्डे रुंद केले, आणि मग कळलं की घोडं तिथंच अडलंय. ड्रायव्हर खांब धरून उभा, मास्तर खांब धरून उभे, आणि लांबून बघायला कुणीच नाही. ओळंबा लावला तर वाऱ्यानं असा हलत होता की तोच वाकडा वाटायला लागला. एकदा ड्रायव्हर खांब मास्तरांच्या हाती देऊन बांधावर पळत गेला, तोपर्यंत खांब मास्तरांना घेऊन उलट्या दिशेला निघाला. तो पळत परत आला. दोघेही घामानं आणि मातीनं माखलेले, एकमेकांवर खेकसतायत, आणि अशा शुभ वेळी बाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातात पिशवी.

"हे काय चाललंय?"

ड्रायव्हरची बोबडी वळली. "ते... आपलं... खांब जरा..."

"वहिनी," मास्तर मधेच म्हणाले, "मला दिसत नाही."

एकदा सांगून झालं होतं म्हणून की काय, या वेळी त्यांचा आवाज अगदी सरळ आला. बाईनं पिशवी खाली ठेवली. "ते मला माहीतच आहे, भावजी. गेल्या वर्षीच कळलं होतं. फाटकाशी पोत्यांची थप्पी होती, तिची तुम्ही चांगली अर्धा तास विचारपूस केलीत."

"तुला माहीत होतं?" ड्रायव्हर ओरडला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मास्तर गंमत करतात." मग मास्तरांकडे वळून, "डॉक्टरकडे का जात नाही?"

"भीती वाटते, वहिनी."

"मलाही वाटली होती हाडाच्या डॉक्टरची. पुढच्या आठवड्यात जायचं. मी बरोबर येते. हे आपले बाहेर बसतील, यांना रक्त बघवत नाही." मास्तरांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांची भीती, आणि बाईनं ती पिशवीसारखी उचलून बाजूला ठेवली.

मग तिनं अंगणातलं बसचं बाक बांधावर आणायला लावलं आणि त्यावर बसली. "हं. धरा खांब."

पुढचे काही तास त्या गल्लीत कुणालाही आपापलं काम करता आलं नाही.

"डावीकडे! अहो, डावीकडे!"

"तुझ्या डावीकडे का माझ्या?"

"कुणाच्याच नको, विहिरीकडे! विहिरीकडे घ्या! आता एवढा नको, पडाल विहिरीत! भावजी, तुम्ही ढकलू नका, तुम्ही नुसतं धरा. अहो, तुम्ही ढकला. किती हळू! भात करपवताना बरी घाई असते!"

मास्तरांचं तोंड दर वेळी 'बस' म्हणायला उघडायचं आणि मिटायचं. ड्रायव्हरला तर शिव्या खाताना इतकं बरं वाटत होतं की एक खांब त्यानं मुद्दाम दोनदा चुकवला. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून सरळ टाके घातलेल्या त्या बाईची नजर मात्र सुईसारखी. दुपारी पत्रेवाला आला, फेरी मारली आणि म्हणाला, "आता कसे शहाण्यासारखे उभे राहिलेत. नवीन सिमेंट आहे, टेकू देऊन आडव्या लाकडी बल्ल्या तेवढ्या ठोकून ठेवतो. पत्रे सिमेंट मुरल्यावर."

म्हणजे शेड काही आज होणार नव्हती.  पत्रे नाहीत तर सामान बाहेर काढता येत नाही. सामान बाहेर नाही तर घरात जागा नाही. आणि जागा नाही तर... संध्याकाळ होत आली, तसा तो दर मोटारीच्या आवाजाला दचकायला लागला. मास्तर घरी गेले, पत्रेवाला गेला. शेवटी ती आलीच. दादाची मोटार. फाटकाशी भोंगा वाजला.

बाई पिशवी उचलून बाहेर गेली. ड्रायव्हर स्वयंपाकघरात डब्यांच्या मधे उभा राहिला. जा म्हणणं शक्य नव्हतं, आणि राहा म्हणायला तोंड नव्हतं. बाहेर काहीतरी बोलणं झालं, मोटारीचं दार आपटलं आणि मोटार निघून गेल्याचा आवाज आला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"अंगभर माती घेऊन स्वयंपाकघरात काय उभे राहता?" बाईचा आवाज बोळातून आला. ती आडवी होऊन, पिशवी डोक्यावर धरून, जपून येत होती.

"गेली नाहीस?" त्यानं डोळे उघडले. "पण जागा कुठं झालीय अजून? तूच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते." तिनं पिशवी एका बसच्या बाकावर ठेवली, बाकाच्या उरलेल्या अर्ध्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसलं.  "दादाचं घर बघितलंत ना? सगळं कसं जिथल्या तिथं. खुर्चीत बसले की वहिनी म्हणायची, ताई, जरा पलंगावर बसता का, इथं पुसायचंय. पलंगावर बसले की, ताई, चादर बदलायचीय, गॅलरीत बसा. गॅलरीत कपडे वाळत घालायचे असायचे. वाईट नाहीत हो ती. पण त्या सगळ्या घरात अडगळ म्हणून एकच वस्तू होती, आणि ती मी होते."

"अगं..."

"मग म्हटलं, आपल्या घरी जावं. आपल्याकडे निदान काही टाकून देत नाहीत."